जाणाऱ्यांची वंशावळ

साहित्याचा अभ्यास करणाऱ्यांना वंशावळीची सवय असते. आदिनाथापासून ज्ञानदेवांपर्यंतची नाथपरंपरा, संगीतातली घराणी, एका प्रतीवरून दुसरी आणि दुसरीवरून तिसरी अशा उतरत गेलेल्या पोथ्यांची कुळी हे सारे आपण फळ्यावर काढून विद्यार्थ्यांना दाखवत असतो. अशा प्रत्येक वंशावळीत एक गोष्ट गृहीत धरलेली असते. शिष्य गुरूजवळ राहिला, राहून शिकला आणि म्हणून परंपरा पुढे सरकली, ही ती गोष्ट.

काही वर्षांपूर्वी मी एक वेगळीच वंशावळ पाहिली. ती कॅलिफोर्नियातील ‘सिलिकॉन व्हॅली’ची होती. ‘फेअरचाइल्ड सेमिकंडक्टर’ ही १९५७ साली स्थापन झालेली कंपनी तिच्या मुळाशी आहे आणि तिच्यातून फुटलेल्या कंपन्या, त्या कंपन्यांतून फुटलेल्या कंपन्या, अशा फांद्या पानभर पसरलेल्या आहेत. या संततीला तिकडे गमतीने ‘फेअरचिल्ड्रन’ म्हणतात. या वृक्षातली प्रत्येक रेघ म्हणजे एक राजीनामा आहे. येथे परंपरा पुढे सरकली ती कुणी राहिल्यामुळे नव्हे, तर कुणी निघून गेल्यामुळे. १९६९ साली त्याच परिसरात सनीव्हेल येथे या क्षेत्रातील सुमारे चारशे माणसे एका परिषदेला जमली होती. त्यांतल्या ज्यांनी फेअरचाइल्डमध्ये कधीच काम केले नव्हते अशांची संख्या दोन डझनही भरली नाही, असे सांगतात.

एवढी गुणी माणसे जिच्याकडे होती, त्या कंपनीला ती टिकवता का आली नाहीत, हा प्रश्न व्यवस्थापनशास्त्राचा आहे असे प्रथमदर्शनी वाटेल. मला तो तेवढ्यापुरता वाटत नाही. अनुभवी माणूस जाताना नेमके काय घेऊन जातो आणि ते त्याचे असते की ज्या संस्थेत तो शिकला तिचे, हा या प्रश्नाचा गाभा आहे. विद्येच्या व्यवहारात वावरणाऱ्या कुणालाही तो परका नाही.

प्रथम विद्येविषयी थोडेसे. सिलिकॉनच्या पातळ चकतीवर ट्रान्झिस्टर घडवण्याची कृती १९५० च्या दशकाच्या अखेरीस अर्धी शास्त्र आणि अर्धी स्वयंपाकघरातली होती. तापलेल्या भट्टीत, ठरावीक वायूच्या सान्निध्यात, ठरावीक वेळ चकती ठेवायची म्हणजे हवी ती अशुद्धी सिलिकॉनमध्ये हव्या त्या खोलीपर्यंत मुरते. हे पुस्तकात लिहिता येते. परंतु शंभर नगांतले नव्वद वाया का गेले, आज भट्टी का ‘रुसली’, कोणत्या धुण्यात कोणते रसायन किती जुने झालेले चालते, हे लिहिलेले नसते. ते माणसाच्या हाताडोळ्यांत असते. मायकेल पोलान्यी या विचारवंताने नेमक्या याच सुमारास, १९५८ च्या आपल्या ग्रंथात, शब्दांत न मांडता येणाऱ्या ज्ञानाची मीमांसा केली. आपल्याकडे त्याला ‘हातोटी’ असा सुरेख शब्द आधीपासूनच आहे. हातोटी कागदावर उतरवून तिजोरीत ठेवता येत नाही. ती ज्याच्या हातात असते, तो संध्याकाळी कारखान्याच्या फाटकातून बाहेर पडतो आणि दुसऱ्या दिवशी परत येईलच याची हमी कुणी देऊ शकत नाही.

ही हमी मिळवण्याचा पहिला, आणि बहुधा सर्वांत वाईट, प्रयत्न विल्यम शॉकली यांनी केला. ट्रान्झिस्टरच्या शोधाबद्दल बार्डीन आणि ब्रॅटन यांच्यासह १९५६ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळालेले हे गृहस्थ. बेल लॅबोरेटरीज सोडून ते कॅलिफोर्नियात आले आणि अर्नोल्ड बेकमन या उद्योजकाच्या पैशावर माउंटन व्ह्यू येथे, सॅन अँटोनियो रोडवरच्या ३९१ क्रमांकाच्या इमारतीत, त्यांनी आपली प्रयोगशाळा थाटली. माणसे पारखण्याची त्यांची दृष्टी अलौकिक होती, हे त्यांच्या टीकाकारांनाही मान्य करावे लागते. रॉबर्ट नॉईस, गॉर्डन मूर, जाँ होर्नी, जे लास्ट, यूजीन क्लायनर, ज्युलियस ब्लँक, व्हिक्टर ग्रिनिच, शेल्डन रॉबर्ट्स ही सारी तिशीच्या आसपासची माणसे त्यांनीच शोधून आणली. त्यांना राहू द्यावे कसे, हे मात्र त्यांना उमगले नाही.

शॉकलींच्या तऱ्हेवाईकपणाच्या कथा आता दंतकथा झाल्या आहेत. प्रयोगशाळेत एकीच्या हाताला दाराजवळ जखम झाली, तेव्हा हा घातपात आहे अशी त्यांची समजूत झाली आणि त्यांनी कर्मचाऱ्यांची खोटे पकडण्याच्या यंत्रावर चाचणी घ्यायचे ठरवले. पुढे ती जखम दारातल्या एका तुटक्या टाचणीमुळे झाली होती असे निष्पन्न झाले. पण मला या कथेहून दुसरी एक आठवण अधिक बोलकी वाटते. तरुण सहकाऱ्यांनी काढलेले निष्कर्ष शॉकली बेल लॅबोरेटरीजमधल्या आपल्या जुन्या मित्रांना फोन करून पडताळून पाहत. टाचणीच्या प्रकरणात माणसाच्या प्रामाणिकपणावर संशय होता. फोनच्या प्रकरणात त्याच्या विद्येवर संशय होता आणि विद्वान माणसाला दुसराच अधिक झोंबतो. त्यात भर अशी, की ज्या सिलिकॉन ट्रान्झिस्टरसाठी ही मंडळी आली होती तो बाजूला सारून शॉकलींनी आपल्या आवडत्या चार थरांच्या डायोडचा ध्यास घेतला.

१९५७ च्या उन्हाळ्यात ही मंडळी बेकमनकडे गेली. त्यांनी पगारवाढ मागितली नाही. त्यांची मागणी शॉकलींना प्राध्यापकी द्यावी आणि कारभार दुसऱ्या कुणाकडे सोपवावा अशी होती. बेकमनने आधी अनुकूलता दाखवली, पण अखेर तो नोबेलविजेत्याच्या पाठीशी उभा राहिला. येथे एक तपशील ध्यानात घेण्यासारखा आहे. या माणसांना जायचे नव्हते. त्यांना एकत्र राहून तेच काम करायचे होते. क्लायनरच्या वडिलांच्या ओळखीच्या न्यूयॉर्कमधील एका दलाली पेढीला त्यांनी पत्र लिहिले, ते आम्हा सर्वांना एकत्र नोकरी देईल अशी एखादी कंपनी शोधून द्या, एवढ्यासाठीच. त्या पेढीतल्या आर्थर रॉक या तरुणाने आणि त्याचा वरिष्ठ बड कॉईल याने त्यांना सुचवले, की नोकरी कशाला मागता, स्वतःचीच कंपनी काढा. तोवर ही कल्पना त्यांच्या मनालाही शिवली नव्हती. करारपत्र तयार नव्हते म्हणून कॉईलने कोऱ्या करकरीत एक डॉलरच्या नोटा काढल्या आणि सर्वांनी त्यांवर सह्या केल्या. नॉईस सर्वांत शेवटी येऊन मिळाला. तीसहून अधिक कंपन्यांनी नकार दिल्यावर शर्मन फेअरचाइल्ड या धनिकाच्या, कॅमेरे आणि उपकरणे बनवणाऱ्या कंपनीने पैसा पुरवला. १८ सप्टेंबर १९५७ रोजी ही माणसे शॉकलींना सोडून गेली.

इतिहासाने त्यांना जे नाव दिले त्याचे मराठी ‘फितूर आठ’ असे करावे लागेल. बखरींच्या वाचकाला या शब्दाचे वजन सांगायला नको. किल्ला शत्रूच्या स्वाधीन करणारा तो फितूर. परंतु किल्ला कुणाचा होता? शॉकलींच्या लेखी तो त्यांचा होता, कारण शिकवले त्यांनी. आठांच्या लेखी तो त्यांचा होता, कारण भट्ट्या पेटवल्या त्यांनी. या वादाचा निकाल शब्दकोशात लागत नाही.

नव्या कंपनीच्या करारात एक कलम होते. प्रत्येक संस्थापकाने पाचशे डॉलर घालून शंभर शेअर घेतले होते आणि मूळ कंपनीने सुमारे १३ लाख ८० हजार डॉलरचे कर्ज दिले होते. मात्र नवी कंपनी यशस्वी झाल्यास तीस लाख डॉलर देऊन ती पूर्ण विकत घेण्याचा हक्क मूळ कंपनीने स्वतःकडे राखला होता. यश फारच लवकर आले. १९५८ मध्ये आयबीएमने शंभर ट्रान्झिस्टर मागवले, नगाला दीडशे डॉलर या भावाने. १९५९ साली होर्नीची ‘प्लेनर’ पद्धत सिद्ध झाली. ट्रान्झिस्टरच्या पृष्ठभागावर ऑक्साइडचा थर तसाच राखून त्याचे रक्षण करण्याची ही युक्ती पुढच्या सगळ्या चिप-उद्योगाचा पाया ठरली. त्याच वर्षी नॉईसने एकाच तुकड्यावर अनेक घटक जोडण्याची, म्हणजे इंटिग्रेटेड सर्किटची, कल्पना मांडली. आणि त्याच वर्षी मूळ कंपनीने आपला हक्क बजावला. आठ जणांना प्रत्येकी अडीच-तीन लाख डॉलर किमतीचे शेअर मिळाले. पाचशे डॉलरांवर दोन वर्षांत एवढी कमाई म्हणजे कुणीही तोंडात बोट घालावे. परंतु त्या दिवसापासून ते मालक उरले नाहीत. ते पुन्हा नोकर झाले.

फेअरचाइल्डची पुढची नऊ वर्षे म्हणजे या एका वाक्याचा विस्तार आहे. मूळ कंपनीचे मुख्यालय न्यूयॉर्कजवळ सायोसेट येथे होते, कारखाना तीन हजार मैलांवर पश्चिम किनाऱ्यावर. नफा पश्चिमेत निर्माण होई आणि त्याचे काय करायचे ते पूर्वेत ठरे. त्या पैशातून नाना प्रकारचे इतर उद्योग विकत घेतले जात. शेअर सवलतीच्या भावाने घेण्याचा हक्क, ज्याला ‘स्टॉक ऑप्शन’ म्हणतात, तो वरच्या मूठभर अधिकाऱ्यांपुरता राखलेला होता. खालच्या अभियंत्यांनाही तो द्यावा, असा आग्रह पश्चिमेकडून पुनःपुन्हा धरला गेला आणि पूर्वेकडून पुनःपुन्हा फेटाळला गेला. ज्या कंपनीचा जन्मच आठ माणसांच्या भागीदारीतून झाला होता, तिने नवव्या माणसाला भागीदारी नाकारली.

१९६१ मध्ये होर्नी, लास्ट, रॉबर्ट्स आणि क्लायनर गेले. आठांतले निम्मे संपले. त्यानंतर बॉब विडलर गेला. हा अवलिया ॲनालॉग सर्किटे रचण्यात अद्वितीय होता. जाताना कारणे विचारणारी भलीमोठी प्रश्नावली त्याला भरायला दिली, तेव्हा ती न भरता आपल्याला श्रीमंत व्हायचे आहे अशा अर्थाचे एकच वाक्य त्याने लिहिले, असे सांगतात. लोक या कथेला हसतात. मला तिच्यात हसण्यासारखे फार दिसत नाही. ज्याच्या रचनांवर कंपनीने पैसा मिळवला, त्याने त्यातला वाटा मागितला आणि तो तिथे मिळणार नाही हे ओळखून बाहेरची वाट धरली, एवढेच. १९६७ साली उत्पादनाची सारी सूत्रे सांभाळणारा चार्ल्स स्पॉर्क ‘नॅशनल सेमिकंडक्टर’मध्ये गेला आणि आपल्याबरोबर काही सहकारीही घेऊन गेला. शोध लावणारे गेले तर नवे शोध थांबतात. शंभरांतले नव्वद वाया जाऊ न देणारे गेले तर आहे तेच बिघडते. स्पॉर्कच्या जाण्याने फेअरचाइल्डचे कंबरडे मोडले, असे इतिहासकार म्हणतात ते यामुळे.

माउंटन व्ह्यूमध्ये ‘वॅगन व्हील’ नावाचे एक मद्यालय होते. निरनिराळ्या कंपन्यांतले जुने सहकारी संध्याकाळी तेथे बसत आणि भट्ट्यांविषयी बोलत. कंपन्यांच्या वकिलांना जे गुपित वाटे, ते पेल्याच्या काठावरून पलीकडे जाई. घराण्याच्या अस्ताया शिष्यांनाही शिकवायच्या नाहीत अशी कोंडी आपल्या संगीताने अनुभवली आहे. तेथे उलटे घडत होते.

मूळ कंपनीच्या सर्वोच्च पदाची जागा १९६७-६८ मध्ये रिकामी झाली. नॉईसचा त्यावर स्वाभाविक हक्क होता. संचालकांनी त्याला डावलले. जुलै १९६८ मध्ये नॉईस आणि मूर बाहेर पडले आणि त्यांनी ‘इंटेल’ स्थापन केली. पंचवीस लाख डॉलरचे भांडवल उभे करून दिले त्याच आर्थर रॉकने. अँडी ग्रोव्ह त्यांच्यामागोमाग गेला. नॉईस तेव्हा चाळिशीतला आणि मूर एकोणचाळीस वर्षांचा होता. म्हणजे विद्या पिकण्याचे नेमके वय.

हादरलेल्या संचालकांनी मोटोरोलामधून लेस होगन यांना आणले आणि होगन यांनी आपल्याबरोबर तिथले आठ सहकारी आणले. होगन यांना दिलेल्या वेतनाची एवढी चर्चा झाली, की त्या व्यवसायात ‘एक होगन’ हे पगार मोजण्याचे एकक झाले. जो पैसा आपल्या माणसांना द्यायला कधी सापडला नाही, तो परक्यांसाठी एका रात्रीत सापडला. घरातले जे होते त्यांनी यातून घ्यायचा तो अर्थ घेतला. विक्रीप्रमुख जेरी सँडर्स यांनी १९६९ मध्ये बाहेर पडून ‘एएमडी’ काढली.

येथे थोडे विषयांतर करतो. माझ्या ओळखीच्या एका महाविद्यालयात, नाव सांगत नाही, तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या एका बाईंनी अकरा वर्षे भाषाविज्ञान शिकवले. जवळच्या दोन तालुक्यांतल्या बोलींच्या नोंदी त्यांनी विद्यार्थ्यांना घेऊन, गावोगाव हिंडून जमवल्या होत्या. कोणत्या गावात कुणाशी बोलावे, कोणत्या म्हाताऱ्याला काय विचारले की तो खुलतो, हे त्यांनाच ठाऊक. कायम जागेची जाहिरात निघाली तेव्हा बाहेरचा उमेदवार आला. बाई आता हिंजवडीत एका कंपनीसाठी मजकूर लिहितात. नोंदींच्या वह्या विभागाच्या कपाटात आहेत, परंतु त्यांतल्या खुणा कुणालाही लागत नाहीत. फेअरचाइल्डची कथा वाचताना मला ते कपाट दिसत होते. असो.

इंटेलने पहिल्या दिवसापासून वेगळा मार्ग धरला. शेअरचे हक्क अभियंत्यांना आणि कचेरीतल्या बहुतेकांना दिले. नॉईसचे वडील आयोवातल्या एका साध्या प्रोटेस्टंट पंथाचे धर्मोपदेशक होते. त्या पंथात धर्मसभेचा कारभार खुद्द सभासद चालवतात, वर बिशप नसतो. टॉम वुल्फ या लेखकाने १९८३ साली ‘एस्क्वायर’ मासिकात लिहिलेल्या प्रदीर्घ लेखात इंटेलच्या रचनेचा धागा थेट या संस्काराशी जोडला आहे. ही उपपत्ती कादंबरीकाराला शोभेल इतकी आकर्षक आहे, म्हणूनच ती थोडी जपून घ्यावी. फेअरचाइल्डमधल्या नऊ वर्षांचा धडा हेही कारण पुरेसे होते.

पुढे या हक्कांना मुदतीची अट जोडली गेली. शेअर मिळणार, पण टप्प्याटप्प्याने. मध्येच गेलात तर उरलेले बुडाले. यालाच ‘सोनेरी बेड्या’ म्हणू लागले. ‘आज्ञापत्र’ शिकवणाऱ्या शिक्षकाला येथे वतनाची आठवण होणे अपरिहार्य आहे. शिवछत्रपतींचा कल रोख वेतनाकडे होता. राजाराम महाराजांच्या बिकट काळात सरदार मोगलांकडे जाऊ नयेत म्हणून वतने आणि इनामे सढळ हाताने द्यावी लागली. आणि १७१५-१६ च्या सुमारास लिहिल्या गेलेल्या ‘आज्ञापत्रा’त वतनदार हा राज्याचा वाटेकरीच होऊन बसतो, म्हणून सावध राहावे असा इशारा आहे. ही तुलना ताणू नये. शेअर वंशपरंपरेने गावाची सत्ता देत नाही. तरी वाटा दिल्याशिवाय माणूस टिकत नाही आणि वाटा दिला की तो वाट्यासाठीच टिकतो, हा पेच दोन्हीकडे आहे. मुदत भरल्याच्या दुसऱ्या दिवशी येणारे राजीनामे हा त्या व्यवसायातला परिचित अनुभव आहे.

आयबीएमसारख्या जुन्या कंपनीने दुसरी वाट काढली. तेथे १९६२ साली ‘फेलो’ हे पद निर्माण झाले. ज्याची विद्या असामान्य आहे त्याने वर चढण्यासाठी व्यवस्थापक होण्याची सक्ती राहू नये, आपल्या आवडीच्या प्रश्नावर काम करत त्याला मान आणि वेतन मिळावे, ही त्यामागची कल्पना. पुढे अनेक कंपन्यांत ही ‘दुहेरी शिडी’ उभी राहिली. चांगल्या शिक्षकाला प्राचार्य करून वर्गाला मुकवण्याची आपली रीत पाहता, ही शिडी आपल्याकडेही कुणीतरी आणायला हवी होती.

आता कायद्याकडे वळू, कारण माणूस टिकवण्याचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे त्याला जाण्याची बंदी करणे. शॉकली किंवा फेअरचाइल्ड यांनी तो का वापरला नाही? कॅलिफोर्नियात त्यांना तो वापरताच आला नसता. कुणालाही कायदेशीर धंदा करण्यापासून रोखणारा करार निरर्थक मानावा, असे तिथल्या १८७२ च्या दिवाणी संहितेत लिहिलेले आहे. हे कलम न्यूयॉर्कच्या डेव्हिड डडली फील्ड या विधिज्ञाच्या मसुद्यातून आले. खुद्द न्यूयॉर्कने त्याची दिवाणी संहिता कधी स्वीकारली नाही. दूरच्या, तेव्हा ओसाड म्हणता येईल अशा पश्चिमेने स्वीकारली. पूर्व किनाऱ्यावरच्या मॅसॅच्युसेट्समध्ये असे बंदीचे करार चालत आणि तेथील न्यायालये ते मानत. २०१८ च्या कायद्याने त्यांवर मर्यादा आली. बोस्टनभोवतीचा संगणक-उद्योग मागे का पडला आणि व्हॅली पुढे का गेली, याचे एक कारण या कलमात आहे, असे रोनाल्ड गिल्सन या कायदेपंडिताने १९९९ मध्ये मांडले. हे एकमेव कारण मानणे अवघड आहे, पण दुर्लक्ष करण्यासारखेही नाही.

गंमत पुढेच आहे. १८७२ हेच आपल्या भारतीय करार कायद्याचे वर्ष. त्याचे कलम २७ फील्डच्या त्याच मसुद्यावरून घेतलेले आहे. म्हणजे माउंटन व्ह्यूचा अभियंता आणि पुण्याचा अभियंता एकाच जुन्या वाक्याच्या आश्रयाने नोकरी सोडतात. आपल्याकडे मात्र त्या वाक्याला न्यायालयांनी एक मर्यादा घातली. कल्याणच्या एका कारखान्यात परदेशी सहकार्याने टायरच्या दोऱ्याचे उत्पादन सुरू व्हायचे होते. १९६३ साली तेथे एका शिफ्ट सुपरवायझरला पाच वर्षांच्या कराराने घेऊन प्रशिक्षण दिले गेले. पुढच्याच वर्षी तो नोकरी सोडून अधिक पगारावर कोट्याच्या स्पर्धक कारखान्यात गेला. प्रकरण कल्याणच्या न्यायालयापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचले आणि १९६७ मध्ये निकाल लागला, की कराराची पाच वर्षे पुरी होईपर्यंत त्याने स्पर्धकाकडे ते काम करू नये. मुदतीच्या आत बांधून ठेवता येते. नोकरी संपल्यानंतरची बंदी टिकत नाही, अशी आपल्या न्यायालयांची सर्वसाधारण भूमिका राहिली आहे. नॉईस आणि मूर यांच्या राजीनाम्याच्या अवघे दीड वर्ष आधीचा हा निकाल आहे.

कायद्याने बंदी करता येत नसेल तर संगनमताने करता येते, हे व्हॅलीने पुढे दाखवून दिले. एकमेकांच्या अभियंत्यांना फोन करून बोलवायचे नाही, अशी गुप्त समजूत २००५ ते २००९ या काळात ॲपल, गूगल, ॲडोबी आदी मोठ्या कंपन्यांत होती. २०१० मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्याने ती मोडून काढली. साठ हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांच्या वतीने चाललेल्या खटल्यात चार कंपन्यांनी मिळून ४१ कोटी ५० लाख डॉलर देण्याची तडजोड २०१५ साली न्यायालयाने मान्य केली. त्या चारांत इंटेल होती. जिचा जन्मच दोन राजीनाम्यांतून झाला, तिने दुसऱ्यांच्या राजीनाम्याची दारे बंद करण्यात सही द्यावी, याहून बोचरा उपरोध एखाद्या नाटककारालाही सुचला नसता.

या वृक्षाची एक पारंबी पुण्यातही उतरलेली आहे. पटनी कॉम्प्युटर सिस्टीम्स या कंपनीच्या सॉफ्टवेअर विभागातून नारायण मूर्ती आणि सहा सहकारी बाहेर पडले आणि २ जुलै १९८१ रोजी पुण्यात इन्फोसिसची नोंदणी झाली. मराठी वाचकांना अनुवादांतून परिचित असलेल्या सुधा मूर्ती यांनी साठवलेले दहा हजार रुपये हे तिचे भांडवल. कंपनी १९८३ मध्ये बंगळूरला गेली. तिने आयात परवान्याची दीर्घ प्रतीक्षा करून जो पहिला संगणक आणला, तो डेटा जनरल कंपनीचा एमव्ही-८००० होता. साहित्याच्या विद्यार्थ्याने येथे थांबावे. ट्रेसी किडर यांचे १९८१ चे आणि १९८२ साली पुलित्झर मिळालेले ‘द सोल ऑफ अ न्यू मशीन’ हे पुस्तक नेमके याच यंत्राच्या निर्मितीची हकिगत सांगते. पोरसवदा अभियंते एका तळघरात, फारशा पैशाच्या आशेशिवाय, केवळ काम अवघड आहे म्हणून रात्रंदिवस राबतात. त्यांतला एक जण नॅनोसेकंदांचे हिशेब करून करून इतका थकतो, की टेबलावर चिठ्ठी ठेवून खेड्यात, ऋतूंच्या हिशेबाने जगायला निघून जातो. आणि यंत्र पुरे झाल्यावर ती सबंध चमू विखुरते. ज्यांनी यंत्र घडवले ते पांगले. त्यांचे यंत्र मात्र समुद्र ओलांडून, दुसऱ्या सात जणांच्या राजीनाम्यातून जन्मलेल्या कंपनीत चालू लागले. इन्फोसिसने १९९४ मध्ये कर्मचाऱ्यांना शेअरचे हक्क द्यायला सुरुवात केली, त्यामागे कोणकोणत्या कंपन्यांचे धडे होते हे आता सांगायला नको.

फेअरचाइल्ड १९७९ मध्ये श्लुंबर्जे या तेलक्षेत्रातील कंपनीने विकत घेतली आणि १९८७ मध्ये विकली, ती ‘नॅशनल सेमिकंडक्टर’ला. स्पॉर्क तेव्हाही तिचे प्रमुख होते. सोडून गेलेल्याने वीस वर्षांनी मूळ घर विकत घेतले. शॉकलींची प्रयोगशाळा १९६० मध्येच दुसऱ्या कंपनीकडे गेली होती आणि ते स्टॅनफर्ड विद्यापीठात प्राध्यापक झाले. १९५७ च्या उन्हाळ्यात आठ जणांनी बेकमनकडे त्यांच्यासाठी नेमके हेच मागितले होते.

राहिला ज्युलियस ब्लँक. आठांतल्या या माणसाविषयी सर्वांत कमी लिहिले गेले आहे. तो सिद्धान्तवाला नव्हता, यंत्रे बनवणारा होता. बाकीचे जे शोधत, ते कारखान्यात रोज हजारांनी घडावे म्हणून लागणारी साधने बाजारात मिळत नसत. ती ब्लँक आणि क्लायनर स्वतः रचून घेत. क्लायनर १९६१ मध्ये गेला. नॉईस, मूर, ग्रिनिच १९६८ मध्ये गेले. ब्लँक सर्वांत शेवटी, १९६९ साली बाहेर पडला. त्याच्या त्या शेवटच्या वर्षात, डॉलरच्या नोटेवर सह्या करणाऱ्यांपैकी त्या कारखान्यात तो एकटाच होता.